गाडीवर झाडाचा चीक पडतोय. रंग न खरवडता काढायचा कसा?

आंब्याखालची_गाडी

मंडळी, नमस्कार.

सोसायटीत पार्किंगच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या नशिबी कोपऱ्यातली, थेट आंब्याखालची जागा आली. "उन्हाळ्यात सावली मिळेल हो तुम्हाला," असं शेजारच्यांनी अगदी तोंड भरून सांगितलं. सावली मिळेल तेव्हा मिळेल. सध्या झाडाला मोहोर आलाय आणि गाडीच्या (गडद निळा रंग) टपापासून डिकीपर्यंत बारीक बारीक चिकट ठिपके पडलेत. त्यावर धूळ बसून निळ्याचा करडा झालाय. बॉनेटवर मात्र वेगळंच प्रकरण आहे. तिथे मोठे, पिवळट, कडक झालेले थेंब आहेत.

शाम्पूने धुतली तर बारीक ठिपके बऱ्यापैकी गेले, मोठे थेंब ढिम्म हलले नाहीत. नखाने खरवडायचा मोह आवरून धरलाय. गाडी पुसणारा म्हणतो रॉकेलने काढून देतो, सासरे म्हणतात खोबरेल, यूट्यूब म्हणतं डब्ल्यूडी-४०. कोणी स्वतः केलंय का? रंगाला धक्का लागता कामा नये.

टवाळ_कार्टं

गाडी विका, आंबा ठेवा. एप्रिलमध्ये कळवा, आम्ही पिशव्या घेऊन येतो.

दुसरा_गियर

टूथपेस्ट. पांढरी, जेलवाली नको. ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल घासा. बाइकच्या टाकीवर झकास काम झालं होतं.

रंगारी_नाका

दुसरा_गियर, भाऊ, टूथपेस्ट म्हणजे बारीक पावडरच आहे. डाग जातो तो घासला जातो म्हणून, आणि त्याच्यासोबत वरचं क्लिअरसुद्धा घासलं जातं. पांढऱ्या टाकीवर दिसलं नसेल. गडद निळ्यावर उन्हात बघा, कोळ्याचं जाळं दिसेल नुसतं.

माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे म्हणून सांगतो. कंपनीचा रंग असतो त्यात सगळ्यात वर क्लिअरकोट, तो साधारण ४०-५० मायक्रॉन. म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ. खालचा रंग, प्रायमर सगळं धरून शे-सव्वाशे मायक्रॉन होतात. एकदा मशीनने कडक रबिंग केलं की त्या क्लिअरमधले काही मायक्रॉन जातात. असं दर मोहोराला केलंत तर काही वर्षांनी रंग फिका पडून सोलायला लागतो. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते झाडाने बिघडवलेली गाडी घेऊन फार कमी वेळा. घासून बिघडवलेलीच जास्त.

हापूसवाला_देवगड

धागाकर्ते, आधी एक बघा. ते बारीक ठिपके झाडाचा चीक नाहीतच मुळी. मोहोरात तुडतुडे असतात, पाचरीच्या आकाराचे, फांदी हलवली की टुणकन उडतात. ते मोहोरातला रस शोषतात आणि जास्तीचा गोड द्रव खाली सोडतात. बागेत त्या दिवसांत झाडाखाली उभं राहिलं की अंगावर अगदी बारीक तुषार पडल्यासारखं वाटतं. पानांवर तो द्रव साचला की त्यावर काळी बुरशी धरते आणि पानं काजळी फासल्यासारखी दिसतात. तुमच्या गाडीवरही आठ-पंधरा दिवस राहिलं तर काळे ठिपके येतील, तेव्हा घाबरू नका, ती तीच बुरशी.

थोडक्यात, हे साखरेचं पाणी आहे. कोमट पाणी आणि गाडीचा शाम्पू, बास. फक्त वाळून त्यावर धूळ बसायच्या आत धुवा.

नांदेडचा_नाना

हापूसवाले बरोबर बोलले. आमच्याकडं ज्वारीवर मावा पडला की असंच होतं, पानं चिकट चिकट. आम्ही त्याला चिकटा म्हणतो. त्या रानातनं फिरून आलं की धोतर धुवायला टाकावं लागायचं. पण पाण्यात निघतं ते, रॉकेल कशाला लागतंय.

ओवी_पुणे

अवांतर: म्हणजे तुडतुड्यांची शू. सॉरी, पण कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

टवाळ_कार्टं

ओवीताई, मी जेवत होतो.

म्यूनिकची_मंजू

अवांतरात भर. इकडे जून-जुलैत लिंडेनच्या झाडांखाली गाडी लावली की हीच गत. पानांवर मावा असतो आणि सकाळी काचेतून धड दिसत नाही. रस्तेच्या रस्ते लिंडेनचे, त्यामुळे पर्यायही नसतो. गंमत म्हणजे जंगलातल्या झाडांवर पडणारा हाच चिकट द्रव मधमाश्या गोळा करतात आणि तो मध 'वाल्डहोनिग' म्हणून फुलांच्या मधापेक्षा महाग विकला जातो. रंगाने काळपट, कमी गोड. मला आवडतो. नवऱ्याला हे कुठून येतं ते सांगितल्यापासून तो खात नाही.

धुण्याबाबत: पहिल्या एक-दोन दिवसांत नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने जातं. उन्हात भाजून निघालं की हट्टाला पेटतं.

रसायनबुवा

धाग्याचं शीर्षक 'चीक' असलं तरी झाडावरून पडणाऱ्या चिकट गोष्टी चार जातीच्या असतात. कुठल्या जातीची आहे ते कळल्याशिवाय बाटली उघडू नये.

एक, वर आलेला किड्यांचा गोड द्रव. पाण्यात विरघळतो.

दोन, डिंक. बाभूळ, शेवगा यांचा. हाही पाण्यातच जातो, पण वेळ लागतो. घरी डिंक भिजवून ठेवतो तसाच आधी फुगू द्यायचा. कोमट पाण्यात भिजवलेलं जाड फडकं थेंबावर ठेवून द्या, वाळत आलं की पुन्हा पाणी शिंपडा.

तीन, राळ. चीड-देवदार जातीच्या झाडांची. पाण्याला अजिबात दाद देत नाही. अल्कोहोलमध्ये किंवा टर्पेंटाइनसारख्या द्रावणात विरघळते.

चार, खरा चीक, पांढरा दुधाळ. वड, उंबर, फणस. यात रबराचा अंश असतो. पाणी आणि अल्कोहोल दोन्ही फारसं कामाचं नाही, इथे तेल चालतं.

आंब्याच्या खोडातून पाझरतो तो डिंक आणि राळ यांचं मिश्रण असतो. म्हणून धागाकर्त्यांचे मोठे थेंब शाम्पूला दाद देत नसावेत. पण मला प्रश्न पडलाय तो वेगळाच. मोहोराच्या दिवसांत आंबा आपण होऊन बॉनेटवर एवढे मोठे थेंब का टाकेल? वर फांदी छाटली होती का अलीकडे?

आंब्याखालची_गाडी

रसायनबुवा, दंडवत! हो, दिवाळीनंतर वायरींना लागत होती म्हणून एक जाडसर फांदी कापली. आत्ता खाली जाऊन बघून आलो. बरोब्बर बॉनेटच्या वर तिचा खुंट आहे आणि त्याच्या कडेने मधाच्या रंगाचा ओघळ वाळलाय.

हापूसवाला_देवगड

मग झालं निदान. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायला सांगा माळ्याला. मोरचूद आणि चुना, आमच्याकडे छाटणीनंतर लावतातच. जखमेतून रोग आत जात नाही. गाडीसाठी नाही, झाडासाठी सांगतोय.

सावंतवाडीकर

फणसाबद्दल रसायनबुवांशी एकदम सहमत. आमची आजी फणस फोडायला बसायची तेव्हा आधी सुरीला आणि हाताला खोबरेल. चीक लागलाच तर पुन्हा तेल चोळून मग साबण. गाडीवर पडलेल्या फणसाच्या चिकालाही मी तेच करतो. तेल लावून थोडा वेळ सोडायचं, मऊ झालं की फडक्याने उचलायचं, मग भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून तेल काढून टाकायचं. तेल तसंच ठेवलंत तर अख्ख्या गावची धूळ तुमच्या गाडीवर.

तेव्हा सासऱ्यांचं खोबरेल अगदीच टाकाऊ नाही, फक्त झाड चुकलं.

आंब्याखालची_गाडी

सावंतवाडीकर, हे वाक्य घरात वाचून दाखवलं. सासरे खूश. "झाड चुकलं" एवढं त्यांनी ऐकलंच नाही.

गियरबॉक्स_गणू

एवढं पीएचडी कशाला राव? थिनर घ्या, फडकं ओलं करा, एक हात मारा, विषय संपला. आमच्या गॅरेजात वर्षानुवर्षं हेच करतात. कंपनीचा रंग थिनरने निघत नाही.

रंगारी_नाका

गणूभाऊ, अर्धं खरं आहे तुमचं. कंपनीत रंग ओव्हनमध्ये सव्वाशे-दीडशे डिग्रीला भाजलेला असतो, तो थिनरच्या एका हाताने लगेच उतरत नाही. पण गाडीचा कुठला पत्रा कंपनीचा आणि कुठला नंतर मारलेला, हे तुम्हाला-आम्हाला कळतं, यांना कळत नाही. सेकंडहँड गाडी असेल, किंवा कुठे घासून दार रंगवलेलं असेल आणि तिथे साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट असेल, तर थिनरचा बोळा फिरवताच फडक्यावर रंग येतो. पीयू (पॉलियुरेथेन) पेंट टिकतो, पण नवीन मारलेला पीयू नीट मुरेपर्यंत तोही नाजूक. आणि थिनरचा ओघळ हेडलाइटवर गेला की संपलं. ती काच नसते, पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक असतं. त्याला आतून बारीक चिरा पडतात, त्या कशानेही जात नाहीत.

गियरबॉक्स_गणू

हेडलाइटचं मान्य. बाकी ठीक आहे, ज्याची त्याची गाडी.

स्नेहल_क

रॉकेलचं काय मग? आमच्या बिल्डिंगमध्ये एक जण रॉकेलनेच सगळ्या गाड्या चमकवतो.

रसायनबुवा

रॉकेल थिनरइतकं जहाल नाही. डांबराचे डाग त्याने जातात हेही खरं. पण तेलकट थर मागे राहतो आणि दारांच्या रबराला, प्लास्टिकच्या पट्ट्यांना ते बरं नाही. ती चमक त्या तेलकट थराचीच असते, दोन दिवसांची. डब्ल्यूडी-४० मध्येही मुख्यतः पेट्रोलियमचेच हलके घटक असतात. फरक एवढाच की जपून, थोडंसं फवारता येतं. राळेला चालेल, पण नंतर साबणाने धुणं आलंच.

माझं मत विचाराल तर कडक थेंबांना आयसोप्रोपाइल अल्कोहोल. केमिस्टकडे मिळतं. नाहीतर करोनात घेऊन ठेवलेलं सॅनिटायझर प्रत्येकाच्या घरात एखादी बाटली तरी पडून असेलच. पातळ, स्प्रेवालं घ्या. जेल असेल तर त्याचा चिकटपणा नंतर पाण्याने काढा.

ओवी_पुणे

आमच्याकडे पाच लिटरचा कॅन आहे. सासूबाई देव्हाऱ्याजवळ ठेवून विसरल्यात. कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

हिरवी_पाटी

इतके प्रतिसाद झाले आणि अजून कोणी 'झाडच काढून टाका' म्हणालं नाही, म्हणून आधीच सांगते. शहरात झाड तोडायचं, इतकंच काय फांद्या छाटायच्या तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं आणि त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, त्याचे नियम आणखी कडक. दिवाळीनंतर फांदी कापली तेव्हा तुमच्या कमिटीने परवानगी घेतली होती का?

आंब्याखालची_गाडी

हिरवी_पाटी, मी कमिटीत नाही हो. मी फक्त खाली गाडी लावतो.

अध्यक्ष_नको_सचिव_नको

हा प्रश्न आमच्या वार्षिक सभेत निघाला होता. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी होती. पर्जन्यवृक्षाखाली गाड्या लावणारे एका बाजूला, बाल्कनीतून झाड दिसणारे दुसऱ्या बाजूला. रात्री साडेअकराला ठराव झाला की झाडाबद्दल उपसमिती नेमावी. टाकी अजून गळते आहे.

जाता जाता, पर्जन्यवृक्षाच्या शेंगा कुणी गाडीच्या चाकाखाली चिरडल्यात का? आत गोड चिकट गर असतो. चप्पल तिथेच राहते, माणूस पुढे जातो.

मुंबईचा_मोरू

पर्जन्यवृक्षाचं दुखणं आमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मुंबईत त्यांच्यावर पिठ्या ढेकूण पडला आणि मोठमोठी झाडं वठली. तोही तसाच रस शोषतो आणि चिकट द्रव टाकतो. त्या काळात आमच्या गल्लीत गाड्यांवर चिकट थर, वर काळी बुरशी. लोक गाडीवरून भांडत होते आणि झाड वरती मरत होतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तेव्हा एकदम जास्त चिकट पडायला लागलं तर गाडीबरोबर मान वर करून झाडाकडेही बघावं.

स्नेहल_क

मोरू, हे माहीत नव्हतं. मग मोहोरावरच औषध मारलं तर? झाड एकच आहे.

हापूसवाला_देवगड

स्नेहलताई, सोसायटीत नको. मोहोर फुललेला असताना कीटकनाशक मारलं की परागीभवन करणाऱ्या माश्या-मधमाश्याही मरतात, म्हणजे फळच धरत नाही. शिवाय खाली पोरं खेळतात, वर लोकांच्या खिडक्या. आम्ही बागेत मारतो ते मोहोर फुटायच्या आधीपासून, हिशेबाने आणि तोंड झाकून. एका झाडासाठी पाण्याचा जोरदार फवारा पुरे. थोडा मोहोर गळेल, पण तुडतुडे कमी होतील. आणि फळं वाटाण्याएवढी झाली की हा त्रास आपोआप ओसरतो.

दुसरा_गियर

कव्हर घाला की सरळ! एवढी चर्चा!

रंगारी_नाका

कव्हर चालतं, पण स्वच्छ गाडीवर. आधीच धूळ असेल तर कव्हर वाऱ्याने हलतं आणि ती धूळ रंगावर घासत राहते. चीक ओला असताना कव्हर टाकलं तर कव्हरच चिकटतं.

आणि धागाकर्ते, तुमच्या गाडी पुसणाऱ्याला सांगा, मोहोर संपेपर्यंत कोरडं फडकं मारायचं नाही. एकाच बादलीत दहा गाड्यांचं फडकं बुडवतात, चिकट ठिपक्यांत रेती अडकलेली असते, आणि तीच रेती तुमच्या बॉनेटवर फिरते. नुसतं पाणी ओतून गेला तरी चालेल म्हणावं.

सदरा_इस्त्रीचा

आमचे येथे सिरॅमिक कोटिंग केल्याने झाडाचा चीक लागत नाही, असे सांगून एका दुकानदाराने चांगलीच रक्कम उकळली. चीक लागतोच.

रंगारी_नाका

लागतोच. कोटिंगने फक्त निघायला सोपा जातो. चिलखत नाही ते. पीपीएफ, म्हणजे रंग जपायला वरून चिकटवायची पारदर्शक फिल्म, लावलेली असेल तर फिल्मवर थिनर-पेट्रोल अजिबात नको, फिल्म धुरकट होते.

आंब्याखालची_गाडी

रविवारी सकाळी ऊन यायच्या आत बसलो. वृत्तांत देतो.

आधी भरपूर पाणी मारून धूळ घालवली, मग शाम्पू. बारीक ठिपके सगळे गेले, हापूसवाल्यांचे आभार. मग पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आत सॅनिटायझरचा थेंब लावून पाहिला. बोळ्यावर निळं काही आलं नाही. मोठ्या थेंबांवर आधी गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवलं, थेंब पिवळ्याचे पांढरट झाले, म्हणजे डिंकाचा भाग फुगला असावा. त्यावर कापसाचा ओला बोळा दाबून धरला, घासला नाही. मिनिटभरात कड मऊ पडली आणि उचलल्यावर अर्धा थेंब कापसाबरोबर वर आला. बोळा बदलून पुन्हा. नखाची गरजच पडली नाही. सासरे शेजारी खुर्ची टाकून खोबरेलची बाटली घेऊन शेवटपर्यंत बसले होते.

आता एक शंका. दोन ठिकाणी थेंब गेला तरी त्या आकाराची फिकट कड राहिलीय. तिरकं बघितलं तरच दिसते.

रंगारी_नाका

छान केलंत. ती कड म्हणजे क्लिअरवर उमटलेला ठसा. उन्हात पत्रा तापतो तेव्हा क्लिअर किंचित नरम पडतं, चीक वाळताना आकसतो आणि कड ओढून धरतो. नख अलगद फिरवा. नख अडकत नसेल तर काही दिवस उन्हात गाडी राहू द्या, कधी कधी पुष्कळसा ठसा आपोआप बसतो. तरी राहिलाच तर बारीक पॉलिश हाताने, तेवढ्याच जागी. मशीन नको, वॉटर पेपर (पाण्यात घासायचा पॉलिश पेपर) तर कुणी फुकट दिला तरी नको. नख अडकत असेल तर मात्र फोटो टाका, मग बघू.

अल्कोहोल लावलं त्या जागचा वॅक्स उडाला असणार. तिथे आजच वॅक्स लावून घ्या, नाहीतर पुढचा थेंब आणखी घट्ट बसेल.

रसायनबुवा

आणि तो खुंट पाझरतोय तोवर गाडी हातभर मागे घेता आली तर बघा. बॉनेटऐवजी थेंब जमिनीवर पडेल.

आंब्याखालची_गाडी

मागे भिंत आहे बुवा. उलटी लावली तर डिकी खाली येईल, तिथे निदान इंजिनाची उष्णता तरी नाही. तसं करतो.

वाटसरू_७

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. काचेवरच्या थेंबांचं कुणी लिहिलं नाही. वायपर मारून अर्धी काच धुरकट झालीय.

रंगारी_नाका

वायपर मारू नका, चीक रबराला लागतो आणि रोज काचेवर फासला जातो. आधी वायपरचं रबर सॅनिटायझरने पुसा. काचेला साबणाचं पाणी भरपूर लावून नवं ब्लेड अगदी आडवं धरून सरकवा, पुढे ढकलायचं, मागे ओढायचं नाही. हे फक्त काचेवर. मागच्या काचेला आतून डिफॉगरच्या तारा असतात, तिथे आतून ब्लेड नको.

बुलेटवाली_बाई

माझी बुलेट मॅट काळी आहे आणि ऑफिसबाहेर वडाखाली उभी असते. वरचं सगळं तिला चालेल का? पॉलिशसुद्धा?

रंगारी_नाका

ताई, पॉलिश अजिबात नाही, वॅक्सही नाही. मॅटवर घासलं की तेवढाच तुकडा चकाकतो आणि पुन्हा मॅट होत नाही, अख्खी टाकी रंगवावी लागते. वडाचा चीक आहे म्हणजे तेलाचं अगदी थोडं बोट लावून मऊ करा, फडक्याने टिपा, मग साबणाचं कोमट पाणी ओता आणि पुन्हा टिपा. तेलाचा डाग दिसला तर साबणाचं पाणी आणखी एकदा. आणि पक्ष्यांची विष्ठा चिकाहून वाईट, ती दिसली की ऑफिसात जायच्या आधीच ओल्या फडक्याने काढा, संध्याकाळपर्यंत थांबू नका.